धान्य, नाही तर चिठ्ठी

चिकपेट, बंगलोर
४ मार्च १९६५

मेलेल्या माणसाच्या खोकल्याची चौकशी करणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. तो आमच्याच घरात निघाला.

काल शेषगिरी मास्तर बसवनगुडीहून उन्हातून चालत आले. हातात तुझं पत्र. मला नाही, त्यांना लिहिलेलं, आणि तेही इंग्रजीत, म्हणजे मला वाचता येऊ नये. त्यांनी ओट्यावर बसून एकेक ओळ मराठीत सांगितली. 'बाबांचा खोकला आता कसा आहे? घरी पाठवलेली माझी दोन पत्रं न घेता परत आली. आजी लिहीत नाही. माझं काय चुकलं ते कुणी सांगेल का? इथे मला कायमची जागा देताहेत, जूनच्या आत सही करायची आहे. घरून काहीच आलं नाही तर मी सही करीन. मग परत यायला कारण उरणार नाही.'

काय चुकलं ते मी सांगते. तुझा बाप, माझा थोरला येसाजी, गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी वारला. चौदा महिने झाले. मी स्वतःच्या हाताने निळ्या विमानी कागदावर तुला कळवलं. पत्ता मास्तरांनी इंग्रजीत घातला. टपालात तुझ्या विठोजीकाकाने टाकलं. त्यावर तुझी एक ओळ नाही. तेराव्यापर्यंत नाही, महिन्याने नाही. तुझी आई चंद्राबाई पोस्टमन दिसला की दारात येऊन उभी राहायची, पुढे तीही थांबली. मे महिन्यात तुझं पत्र आलं तेव्हा मी विठोजीला म्हटलं, फोडू नको, घेत नाही म्हणून परत दे. बाप मेल्यावर चार महिन्यांनी ज्याला सवड होते त्याचं पत्र मला नको होतं. दिवाळीत दुसरं आलं, तेही तसंच धाडलं. चंद्राबाईला सांगितलं, ह्या घरातून त्याला कुणी लिहायचं नाही. तिला लिहिता येत नाही, तरी सांगून ठेवलं. तर हे तुझं चुकलं. आता कळलं असेल.

मास्तर म्हणाले, "अक्का, स्वल्प थांबा. मुलाला ठाऊकच नसेल."

मी म्हटलं, "ठाऊक कसं नसेल? पत्र गेलंय. विठोजीने सांगितलंय."

"गेलं ते खरं. पोचलं का?"

"पोचलं नसतं तर परत आलं असतं. सरकार काय आपलं पत्र ठेवून घेतं?"

त्यावर त्यांनी चष्मा काढला. निवृत्त मास्तर आहेत, ज्याचं उत्तर येत नाही तिथे चष्मा पुसतात.

एकसष्टात तू शिष्यवृत्ती घेऊन इंग्लंडला निघालास. येसाजीला तू साड्यांच्या दुकानात हवा होतास. स्टेशनात तो म्हणाला, "जातोस तर जा, मला पत्र लिहू नकोस." माणूस रागात बोलतो. तू ते कायद्यासारखं पाळलंस. मला लिहायचास, आणि शेवटी एक ओळ, बाबांचा खोकला कसा आहे. तो मला विचारायचा, काय लिहितो? मी सांगायची, तुझ्या खोकल्याचं विचारतो. बरा आहे म्हणावं, म्हणायचा. इतकी वर्षं तुम्ही बापलेक माझ्या तोंडून खोकत होतात.

आणि तू तिथे शिकतोस काय? बासष्टात चार पानं लिहून मला समजावलं होतंस, की तुमच्या गणकयंत्राला मजकूर साठवलेली पट्टी वाचायला दिली आणि ती वाचता आली नाही, तर त्याने गप्प बसू नये, काय झालं ते सांगावं, ह्यावर तुझा अभ्यास. यंत्राला बोलायला शिकवतोस. आपलं तोंड कुठे ठेवलं होतंस?

सही खुशाल कर.

आशीर्वाद, कारण ते परत घ्यायची आपल्यात रीत नाही. उत्तराची वाट मी बघणार नाही.

सोयराबाई


चिकपेट, बंगलोर
९ मार्च १९६५

चार तारखेचं माझं पत्र फोडू नकोस. आधी हे वाच.

तार मिळाली असेल. नसेल मिळाली तर तीत हे होतं, इंग्रजी मास्तरांचं: 'बाबा जानेवारी चौसष्टात वारले. आमचं पत्र तुला पोचलं नव्हतं. चूक आमची. सही थांबव. पहिलं पत्र न वाचता फाड. आजी.' मास्तर म्हणतात तार दोन दिवसांत पोचते, पत्राला आठ-दहा लागतात, म्हणजे तार पुढे जाईल. ती पुढे गेली असू दे. लिहिलेलं खोडता येतं, पेटीत टाकलेलं बाहेर काढता येत नाही. मी मोठ्या पोस्टात जाऊन विचारलंसुद्धा. खिडकीतला माणूस म्हणाला, "अज्जी, ते आता समुद्रावर असेल."

आता झालं काय ते क्रमाने लिहिते.

चार तारखेचं पत्र चिकटवून मी विठोजीच्या हातात दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "आई, ह्याचा कोपरा फाडला नाहीस ना?" मी म्हटलं, "कोण मेलंय आता?" तो गेला. पण ते माझ्या डोक्यात राहिलं, दातात बडीशेप अडकते तसं. कोपरा मरणाच्या पत्राचा फाडतात. घेणाऱ्याला वाचायच्या आधीच कळतं, तो ते उंबऱ्याबाहेर वाचतो, तिथेच फाडतो, घरात ठेवत नाही. येसाजीच्या पत्राचा मी फाडला होता. विठोजीला तो चौदा महिन्यांनी का आठवावा?

रविवारी तो जेवायला बसल्यावर विचारलं. चंद्राबाई वाढत होती.

"विठ्या, तुझ्या अण्णाच्या मरणाचं पत्र तू पेटीत टाकलं होतंस ना?"

"टाकलं होतं."

"मग?"

"मग काय. गेलं."

"आणि?"

त्याने भात कालवला. कालवलेलाच पुन्हा कालवला. "आणि बारा दिवसांनी परत आलं," म्हणाला.

चंद्राबाईची पळी आमटीच्या भांड्यात बुडाली. ती तिने काढली नाही.

पाठीवरचा पत्ता दुकानाचा, म्हणून पत्र तिथे परत आलं होतं. वर शिक्का, आणि इंग्रजीत लिहिलेलं, की ह्याला तिकीट नाही. असेल कसं? त्या निळ्या कागदाला तिकीट चिकटवावं लागत नाही, ते कोपऱ्यात छापूनच येतं, आणि तो कोपरा मी फाडून चुलीत घातला होता.

मी हे केलं कसं तेही ऐक, कारण मी आंधळी नाही. कार्डांचे कोपरे मी आयुष्यभर फाडले, एकदाही तिकिटाचा फाडला नाही. पण कार्डाला घडी नसते. हा कागद घडी घालून चिकटवलेला, वर तुझं नाव. जिवंत माणसाच्या नावाकडे बघत कोपरा फाडू नये असं माझी सासू सांगायची. म्हणून मी तो पाटावर पालथा घातला आणि डावा कोपरा फाडला. पालथ्याचा डावा तो उताण्याचा उजवा. रविवारी घरातला कोरा कागद तसाच घडी घालून, पालथा ठेवून बघितला. बोट बरोबर तिकिटावर.

विठोजीला म्हटलं, "मग पाकिटात घालून पुन्हा का नाही धाडलंस?"

"मरणाचं पत्र दोनदा धाडायचं? आणि फाटक्या कोपऱ्याचं घरात कसं आणणार?"

म्हणून त्याने ते दुकानासमोरच्या गटारात फाडून टाकलं, पाय धुतले आणि घरी आला.

"मला का नाही सांगितलंस?"

त्याने पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा चंद्राबाई बोलली, जी एरवी माझ्यापुढे बोलत नाही. "तिकीट तुम्हीच फाडलंत हे तुम्हाला सांगून भावजी त्या दिवशी ह्या घरात जेवले असते का?"

हे मला झोंबलं. खोटं असतं तर झोंबलं नसतं.

पत्र परत आलं त्याच संध्याकाळी मी त्याला विचारलं होतं, पत्र गेलं ना? तो म्हणाला, गेलं. पुढे दर आठवड्याला विचारायची, इंग्लंडचं काही? तो म्हणायचा, काही नाही. शब्द एकही खोटा नाही. पण पत्र पोचलंच नाही आणि पोचून उत्तर आलं नाही, ह्या दोन वेगळ्या बायका आहेत, आणि त्याने एकीला दुसरीचं लुगडं नेसवून माझ्यापुढे उभी केली. नंतर तुझी पत्रं परत करताना त्याला ठाऊक होतं की तुला ठाऊक नाही. तेव्हाही बोलला नाही, कारण बोलायचं तर पहिलं का नाही बोललास ते आलं.

मग मी तुझी बासष्टची चार पानं काढली. तुझ्याकडे नक्कल नसेल, म्हणून त्यातलं उतरवते.

'आजी, आम्ही यंत्रासाठी जी भाषा बांधतो आहोत तिच्यात प्रत्येक काम जात्यासारखं असतं. तेच धान्य घातलं की तेच पीठ, आज दळ की उद्या. जातं बाहेर बघत नाही, मागचं आठवत नाही, म्हणून त्याच्यावर विसंबता येतं. अडचण धान्य आणण्याची. ते बाहेरून येतं, पट्टीवर साठवलेल्या मजकुरातून, त्याला इथे फाईल म्हणतात. आणि बाहेरचा भरवसा नाही. कधी फाईल जागेवर नसते, कधी तिला हात लावायची परवानगी नसते, कधी वाचता वाचता पट्टी तुटते. काही जण अशा वेळी सगळं यंत्रच थांबवतात. काही त्याहून वाईट करतात, फाईल कोरी होती असं धरून पुढे दळतात. मी म्हणतो, आणणाऱ्याने नेहमी डबा आणावा. डब्यात धान्य, नाही तर का मिळालं नाही त्याची चिठ्ठी. रिकामा डबा आणायचा नाही. चिठ्ठी असेल तर जातं फिरवायचं नाही, डबा तसाच पुढच्याच्या हातात द्यायचा, चिठ्ठी न हरवता. जो शेवटी बसला आहे त्याने तो उघडायचा, आणि धान्य निघालं तर काय करायचं, चिठ्ठी निघाली तर काय करायचं, दोन्ही आधी ठरवून बसायचं. फाईल लिहितानाही हेच. लिहिलं म्हणजे पोचलं असं नाही, म्हणून लिहिणाऱ्याकडेही डबा परत यायला हवा.'

तेव्हा मी म्हटलं होतं, एवढं शिकायला आगबोटीत कशाला बसावं लागतं. रविवारी दोनदा वाचलं.

आपल्या घरात डबा विठोजीच्या हातात आला, त्याने चिठ्ठी गटारात टाकली आणि मला रिकामा दाखवला. शेवटी बसलेली मी. मला दोन गोष्टी ठरवून बसायचं होतं, मी एकच ठरवून बसले होते, की तू वाईट. आणि तुझी पत्रं परत धाडली त्यांवर कारणाचा एक शब्द घातला असता, बापाच्या मरणावर गप्प राहिलास म्हणून, तर तुला त्याच दिवशी कळलं असतं. मीही तुला बिनचिठ्ठीचा डबाच धाडला. दोनदा.

पण तुझ्या चार पानांत एक गोष्ट नाही. आणणारा चिठ्ठी का टाकतो ते तू लिहिलं नाहीस. यंत्राला भीती नसेल, इथे असते. चिठ्ठी बघून आणणाऱ्याच्याच डोक्यात डबा घालणारं माणूस शेवटी बसलं असेल, तर पुढच्या खेपेला डबा रिकामाच येणार. हे तुझ्या वहीत उतरवून घे.

त्या हरवलेल्या पत्रात दोन गोष्टी होत्या. एक तुला तारेने कळली. दुसरी तुझ्या बापाने तुला विचारलेली आहे. ती मी तारेत घातली नाही आणि इथेही घालत नाही. तुझं उत्तर येऊ दे. वाट उघडी आहे हे आधी दिसलं पाहिजे, मग माल चढवीन.

सोयराबाई


चिकपेट, बंगलोर
१२ मार्च १९६५

हे पत्र चंद्राबाईचं आहे, हात माझा. ती शेजारी बसली आहे आणि मी काय लिहिते ते बघते आहे, वाचता येत नसूनही.

ती म्हणते, चौदा महिने मी माझ्या पोराला मनातून शिव्या दिल्या, त्या आता कुठे टाकू? मी म्हटलं, टाकतेस कशाला, मला दे, घेणारं माणूस घरातच आहे. ती हसली नाही. लिहा म्हणाली, जेवतोस का विचारा. विचारलं.

आणखी म्हणते, येसाजीचं वर्षश्राद्ध जानेवारीत विठोजीने केलं, ते तुला सांगावं, तुझं राहिलं असं तू समजू नयेस. सांगितलं. तार पोचली का म्हणून मास्तरांना मी रोज विचारते. ते म्हणतात, पोचल्याचं कळेल, वाचल्याचं कळणार नाही.

विठोजी म्हणतो त्याचं नाव पत्रात घालू नकोस. ते आधीच्यात घातलं आहे.

सोयराबाई


चिकपेट, बंगलोर
५ एप्रिल १९६५

फोडू नको म्हटलेलं पत्र तू फोडलंस. सांगितलेलं ऐकायची तुला सवय नव्हतीच. त्यातली पहिली ओळ तुझ्याकडे राहणार, तिला माझा इलाज नाही. ती मी लिहिली, ती माझीच आहे.

तुझं पत्र शनिवारी आलं. खरं म्हणजे दहा ओळी. तार मिळाली. राग नाही. विठोजीकाकाला बोलू नकोस. माझं भीतीचं वाक्य तू तुझ्या तिथल्या मोठ्या मास्तरांना इंग्रजीत सांगितलंस आणि त्यांनी ते लिहून घेतलं. सही थांबवली आहे, पण जूनपर्यंतच थांबेल. यायचं की नाही ठरत नाही, कारण ज्याच्याशी भांडण होतं तोच नाही, आता कुणासाठी यायचं. आणि बाबांनी काय विचारलं होतं ते लिही.

लिहिते. आधी एक सांगते. परवा दुकानाच्या माळ्यावर कौल सरकलं आणि पावसाच्या सरीत पाच साड्या भिजल्या. विठोजी त्याच दिवशी घरी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, कौल बघायचं माझ्याकडे होतं, मी बघितलं नाही, पाच साड्या गेल्या." असं आजवर ह्या घरात कुणी म्हटलं नव्हतं. मी त्याला सगळं बोलू दिलं. शिवी दिली, पण त्याचं झाल्यावर.

आता तुझ्या बापाचं.

त्रेसष्टच्या डिसेंबरात येसाजीला उठवत नव्हतं. एका दुपारी म्हणाला, "रघूची ती चार पानं काढ." मला वाटत होतं त्याला त्या पानांचा पत्ता नाही. ती कुठल्या डब्यात आहेत तेही त्याला ठाऊक होतं. मी वाचली. खोकला आला की मी थांबायची, तो बोटाने पुढे म्हणायचा. संपल्यावर म्हणाला, पुन्हा. पुन्हा वाचली. मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडला. मला वाटलं झोपला.

मग म्हणाला, "पोराचं बरोबर आहे, पण त्याने हातमाग बघितलेला नाही. पट्टी अर्ध्यात तुटली तर तो म्हणतो डब्यात चिठ्ठी घाला. मग तोवर वाचलेल्या अर्ध्याचं काय? विणकराचा धागा तुटला तर तो चार वार विणलेलं फाडून टाकतो का? तुटलं तिथे काठाला लाल दोरा बांधतो आणि पुढे विणतो. आपण घडी उलगडली की दोरा दिसतो, घ्यायची की नाही ते आपण ठरवतो. ह्याच्या डब्यात एक तर धान्य, एक तर चिठ्ठी. अर्धं धान्य आणि सोबत चिठ्ठी, ह्याला त्याच्याकडे जागा आहे का? विचार त्याला."

एकसष्टनंतर तुझ्यासाठी त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं, खोकला सोडून.

हे त्या हरवलेल्या पत्रात मी लिहिलं होतं. पण ते पत्र मरणानंतरचं, आणि त्याने सांगितलं होतं जिवंतपणी. मधले दिवस कुठे गेले ते तू विचारणार नाहीस, तेव्हा मीच सांगते.

मी त्याला म्हटलं, "हात धड आहेत तुझे, तूच लिही." तो म्हणाला, "तू लिही." मी बरं म्हटलं आणि लिहिलं नाही. इतकी वर्षं मी तुम्हा दोघांच्या मध्ये बसले होते. एकदा तरी त्याने स्वतः कागद हातात घ्यावा असं माझ्या मनात. दोन दिवस थांबले तर मागेल, म्हटलं. त्याने कागद मागितला नाही. आठवड्याने विचारलं, "उत्तर आलं?" मी म्हटलं, "इतक्यात कसं येईल?" पुढच्या आठवड्यात पुन्हा. "आलं का काही?" मी म्हटलं, "काही नाही." शेवटच्या चार दिवसांत दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं.

तू उत्तर देत नाहीस, असं समजून तो गेला. प्रश्न तुझ्यापर्यंत गेलेलाच नव्हता.

विठोजीला त्या गटारावरून मी पाच दिवस बोलत होते. तीच गोष्ट त्याच्याआधी मी केली होती, त्याच दोन शब्दांत. त्याला निदान माझी भीती होती. मला ह्या घरात कुणाची भीती नव्हती. काल दोघांना समोर बसवून हे सांगितलं. चंद्राबाई उठून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि माझं पान मांडलं. विठोजी म्हणाला, "सरी, बरं आई. जेव आता." मी जेवले.

आता तुझं काम सांगते.

प्रश्न विचारणारा गेला, प्रश्न घरात आहे. त्याचं उत्तर ह्या घरात आलं पाहिजे. अर्ध्यात तुटलेलं तुम्ही टाकून देता, की दोरा बांधून ठेवता, ते लिही. तुझ्या भाषेत त्याला जागा नसेल तर नाही असं लिही, पण का नाही तेही लिही. सोपं लिही, पण खोटं सोपं करू नकोस. तुझ्या आईने चाळीस वर्षं साड्यांच्या घड्या घातल्या आहेत, काठाचा दोरा तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतो.

आणि कुणासाठी यायचं म्हणतोस, तर ते मी सांगणार नाही. येत असशील तर तारीख कळव. येत नसशील तर कारण. ठरलं नसेल तर जेवढं ठरलं तेवढं, आणि कुठे अडलं ते. नुसता 'सर्व क्षेम' असा कागद धाडलास तर पुन्हा परत करीन, ह्या वेळी कारण लिहून.

ह्या पत्राचे चारही कोपरे जागेवर आहेत. विठोजीने दोनदा तपासले.

मी आता मध्ये बसणार नाही. मला लिहू नकोस, मास्तरांनाही नको. पाकिटावर चंद्राबाईचं नाव घाल. आलं की विठोजी ते फोडेल आणि आत असेल ते सगळं, बरं असो वाईट असो, तिला मोठ्याने वाचून दाखवील. मी ओट्यावर बसून ऐकेन आणि शेवटची ओळ होईपर्यंत तोंड उघडणार नाही. उत्तर तू द्यायचंस, आणि तुझ्या आईला.

सोयराबाई